प्रोस्टेटच्या एमआरआयआधीची दहा मिनिटं

पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ६७ वर्षांचे आजोबा प्रोस्टेटच्या एमआरआयला आले, पहिले दोन सिक्वेन्स (चित्रं घेण्याच्या फेऱ्या) नीट झाले, तिसऱ्याला त्यांनी आपल्याला हाक मारण्यासाठी हातात दिलेला फुगा दाबायला सुरुवात केली आणि बाहेर काढल्यावर पुन्हा आत जायला साफ नकार दिला. खाली तू लिहिलंस, 'पेशंटने सहकार्य केलं नाही.' हे वाक्य मीही एमआरआय टेक्निशियनच्या नोकरीच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत रजिस्टरमध्ये कितीतरी वेळा लिहिलं. नंतर सोडून दिलं. कारण परत बोलावलेल्या त्याच माणसाला बाकावर बसवून दहा मिनिटं समजावलं, की तोच माणूस पाऊण तास दगडासारखा पडून राहायचा. माणूस तोच आणि मशीनही तेच असायचं.

हा माणूस तुझ्या दारात कसा येतो, ते आधी लक्षात घे. लघवीची धार बारीक झाली म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे गेला, त्यांनी रक्ताची पीएसए तपासणी लिहून दिली, आकडा चारच्या वर आला. मुलाने मोबाइलवर शोधलं आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, पण त्या चेहऱ्यांवरून त्याने कॅन्सर हा शब्द ओळखलेला असतो. त्यात यूरोसर्जनने बोटाने तपासलेलं असतं, म्हणून इथेही मागून काहीतरी नळी घालणार या धास्तीने तो आखडून बसतो. हे तो तुला विचारणार नाही. तू त्याच्या नातीच्या वयाची आहेस.

म्हणून पहिलं वाक्य तूच बोल. 'काका, यात मागून काहीही घालत नाहीत, चिरफाड नाही, एक्स-रेसारखे किरणही नाहीत. फक्त झोपून राहायचंय.' पूर्वी गुदमार्गात बसवायची कॉइल, म्हणजे मशीनचा सिग्नल टिपणारं साधन, वापरत, ती आता बहुतेक ठिकाणी बंद झाली आहे. पोटावरून कमरेखाली ठेवायची कॉइल त्यांना आधीच हातात घेऊन दाखव. एवढ्याने खांदे सैल पडलेले मी शेकडो वेळा पाहिलेत.

पीएसएबद्दलही दोन शब्द सांगता आले पाहिजेत. निदान करणं आपलं काम नाही, पण पीएसए म्हणजे कॅन्सर नव्हे हे सांगायला निदान लागत नाही. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते, म्हणून ती वाढली की धार अडते. पीएसए हे तिथलंच प्रथिन. वयानुसार ग्रंथी वाढली, जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबली किंवा कॅथेटर घातला तरी ते रक्तात वाढतं. हे ऐकल्यावर माणूस निश्चिंत होत नाही, तशी अपेक्षाही नको, पण त्याला पुढचं ऐकू यायला लागतं.

मग ही तपासणी कशासाठी? पूर्वी पीएसए वाढलं की सरळ बायोप्सी करत. सोनोग्राफीवर बघत दहा-बारा सुया ठरावीक जागी टोचायच्या, गाठ त्या जागी असली तर सापडायची. २०१७ साली ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात ५७६ पुरुषांच्या दोन्ही तपासण्या झाल्या. उपचार लागतील अशा कॅन्सरपैकी एमआरआयने ९३ टक्के टिपले, नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. पुढच्याच वर्षी आलेल्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. ज्यांचा एमआरआय आधी केला त्यांच्यातल्या २८ टक्के लोकांना सुई टोचावीच लागली नाही, आणि तरीही महत्त्वाचे कॅन्सर त्याच गटात जास्त सापडले. पेशंटला आकडे नको सांगूस. 'सुई टोचायची की नाही, आणि टोचायची तर नेमकी कुठे, हे बघायला हा फोटो आहे,' एवढं पुरतं.

याच कारणासाठी बायोप्सी झाली आहे का आणि कोणत्या तारखेला, हे न चुकता विचार. सुयांमुळे ग्रंथीत साकळलेलं रक्त चित्रात राहतं आणि गाठीसारखा गोंधळ घालतं. निदान सहा आठवडे गेलेले बरे. कमी गेले असतील तर स्कॅन सुरू करण्याआधी रेडिओलॉजिस्टना फोन कर.

आता धातू. फॉर्मवरचा प्रश्न वाचून दाखवलास तर उत्तर नेहमी 'नाही' येईल. 'पेसमेकर आहे का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणालेले एक गृहस्थ 'छातीत मशीन बसवलंय का?' म्हटल्यावर लगेच 'हो, चार वर्षं झाली' म्हणाले होते. स्टेंटला लोक स्प्रिंग म्हणतात, खुब्याच्या सांध्याला गोळा बदलला म्हणतात. तसंच विचार. स्प्रिंग आणि गोळा असले तरी बहुतेकदा स्कॅन करता येतो, मात्र कागद बघूनच. खुब्याच्या गोळ्याने चित्र बिघडतं हेही आधी सांगून ठेव. एमआयडीसीत लेथवर किंवा वेल्डिंगवर काम केलंय का, डोळ्यात कधी कण गेला होता का, हे आपल्या भागात विचारायलाच हवं. आणि आपल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर काय काय असतं ते यंत्र बनवणाऱ्याच्या यादीत नसतं. चंचीत अडकित्ता, बंडीच्या आतल्या खिशात चुन्याची डबी, दंडात ताईत, जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली.

आणि करदोडा. चांदी चुंबकाला चिकटत नाही, म्हणून 'राहू दे' म्हणणारे मी पाहिलेत. पण चांदीचा करदोडा म्हणजे कमरेभोवतीचं बंद कडं. मशीनच्या रेडिओ लहरींनी त्यात वीज फिरते, तो तापतो, चामडी भाजू शकते, आणि नेमका आपल्याला बघायच्या जागेजवळ चित्र विस्कटतो. एका आजोबांचा करदोडा लग्नात सासऱ्यांनी घातलेला, कधीच न काढलेला, कडी घट्ट बसलेली. आमच्या वॉर्डबॉयने कात्री आणली तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कात्री बाजूला ठेवली, बोटाला साबण लावून कडी हळूहळू सोडवली. वीस मिनिटं गेली. कमरेवर करदोड्याचा पांढरा वळ होता, तिथे ते सारखा हात फिरवत होते. डबीत ठेवून डबी त्यांच्या मुलाच्या हातात दिली, तेव्हा कुठे ते टेबलावर आले.

बरोबरच्या नातेवाइकांनाही हेच सगळं लागू आहे. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत पेशंटबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि जिवाला मुकला. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो. दीड टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. बाहेरच्या माणसाला हे दिसत नाही, त्याला ती एक थंडगार रिकामी खोली वाटते. दार तुझ्या ताब्यात आहे.

तुझ्या आजोबांकडे येतो. ते का उठले असतील याचा मला अंदाज आहे. झोपवण्याआधी त्यांना लघवीला पाठवलं होतंस का? आपल्याकडच्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी सोनोग्राफी केलेली असते, 'पाणी पिऊन लघवी रोखून या' हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तो घरून निघताना लिटरभर पाणी पितो, तुझ्याकडे तासभर रांगेत बसतो, आणि प्रोस्टेटच्या माणसाला मुळातच लघवी धरवत नाही. इथे लघवीने भरलेलं पोट नको असतं हे त्याला कुणी सांगायचं?

गेल्या वर्षी मी स्वतः त्या टेबलावर झोपलो. पीएसए ५.८ आलं होतं. ज्या सेंटरला गेलो तिथे मी याच धंद्यातला म्हणून कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लघवीला जाऊन आलो होतो, तरी पंधराव्या मिनिटाला कळ आली. डिफ्यूजनचा, म्हणजे ग्रंथीतल्या पाण्याची हालचाल टिपणारा, सिक्वेन्स सुरू झाल्यावर टेबल खालून थरथरायला लागलं आणि ती थरथर थेट ओटीपोटात पोचत होती. हा आवाज मी काचेमागून हजारो वेळा ऐकलाय, पण ती थरथर कशी लागते ते मला माहीत नव्हतं. किती वेळ राहिलाय हे कळत नव्हतं आणि मायक्रोफोनवर कुणी बोलत नव्हतं. फुग्यावर बोट ठेवून मी आकडे मोजत राहिलो. त्या दिवसापासून माझ्याकडे झोपणाऱ्या प्रत्येकाला मी दर सिक्वेन्सच्या आधी सांगतो, 'आता चार मिनिटांचा आहे, टेबल हलेल, घाबरू नका.' तूही सांग. त्यांचे पाय आधी आत जातात, त्यामुळे डोकं बहुतेक बोगद्याच्या तोंडाशीच राहतं, हेही आधी सांगितलं की बंद जागेची भीती अर्धी होते.

लघवीइतकंच पोट साफ असणं महत्त्वाचं. प्रोस्टेटच्या पाठीला गुदाशय टेकलेला असतो आणि बहुतेक कॅन्सर ग्रंथीच्या त्याच मागच्या भागात होतात. गुदाशयात वारा साठला असेल तर हवेला लागून असलेल्या जागेत चुंबकीय क्षेत्र एकसारखं राहत नाही, आणि ज्या डिफ्यूजनवर त्या भागाचा सगळा भरवसा, तेच चित्र वाकडंतिकडं येतं. आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी शौचाला जाऊन येणं, आणि तुमच्या रेडिओलॉजिस्टची पद्धत असेल तर एनिमा. हे बोलायला तुला अवघड वाटेल, त्यांना त्याहून. सरळ म्हण, 'काका, वारा असला तर फोटो हलतो.' कारण सांगितलं की लोक लाजत नाहीत, उलट स्वतःहून 'जरा जाऊन येतो' म्हणतात. आतड्याची हालचाल थांबवायचं इंजेक्शन देणार असाल तर काचबिंदू आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे का ते विचारून डॉक्टरांना कळव.

गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायच्या औषधाचं, इंजेक्शन सगळीकडे देतातच असं नाही. २०२५ मध्ये आलेल्या प्राइम चाचणीत इंजेक्शनशिवायचा छोटा स्कॅनही महत्त्वाचे कॅन्सर शोधण्यात मागे पडला नाही, अट एकच की चित्रं चांगली हवीत. द्यायचं असेल तर मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघ आणि 'हातात गार वाटेल' एवढं आधी सांग.

एक गोष्ट कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. आपली माणसं आत गेली की हात जोडतात, देवाचं नाव घेतात. छातीवर जोडलेले उघडे हात म्हणजे पुन्हा एक बंद कडं, जिथे कातडी कातडीला टेकते तिथे भाजण्याचा धोका. हात बाजूला ठेवून द्यायचे, मांड्यांमध्ये कापडाची घडी घालायची, आणि हळूच सांगायचं की नाव मनात घ्या, हात सुटे असू द्या. एका वारकरी बाबांनी मला विचारलं, 'माळ तरी राहू द्याल का?' तुळशीची, दोऱ्यात ओवलेली होती. मी मणी न् मणी तपासला, तार नव्हती. राहू दिली.

स्कॅन संपला की प्रश्न येणारच, 'काय दिसलं?' तोंडावर काही दाखवू नकोस, 'चांगलं आहे'ही म्हणू नकोस. पण रिपोर्ट कसा असतो ते जरूर सांग, कारण रिपोर्ट हातात पडतो रात्री आणि डॉक्टर भेटतात दोन दिवसांनी. त्यात पाय-रॅड्स नावाचा आकडा असतो, १ ते ५. महत्त्वाचा कॅन्सर असण्याची शक्यता १ ला अगदी कमी, ५ ला खूप जास्त. तो कॅन्सरचा स्टेज नाही. ४ वाचून 'चौथा स्टेज' समजून रडणारं आख्खं कुटुंब मी जिन्यात बसलेलं पाहिलंय. त्यांना हे एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती. जुन्या संसर्गाने किंवा क्षयाच्या गाठीनेही असंच चित्र दिसू शकतं, पक्कं उत्तर सुईचंच. उलट १ किंवा २ आला म्हणजे कायमची सुटी असंही नाही, पीएसए बघत राहावं लागतं.

रिपोर्टमध्ये ग्रंथीचं आकारमानही असतं, त्याकडे कुणी बघत नाही. पीएसएला त्याने भागायचं. पीएसए ६ आणि ग्रंथी ३० मिलिलिटर, तर उत्तर ०.२. तेच ६ पीएसए ८० च्या ग्रंथीत असेल तर ०.०७५. साधारण ०.१५ च्या वर गेलं की यूरोसर्जन जास्त सावध होतात. मोठ्या ग्रंथीतून जास्त पीएसए येणं साहजिक आहे, म्हणून हा हिशोब. यूरोसर्जनना हा प्रश्न विचारा, असं नातेवाइकांना बिनधास्त सुचव.

माझा पाय-रॅड्स ३ आला. ग्रंथी ६२ ची, म्हणजे हिशोब ०.०९. डॉक्टरांनी सुई न टोचता दर सहा महिन्यांनी पीएसए करायला सांगितलंय. पुढची तपासणी दिवाळीनंतर. ३ म्हणजे ना इकडे ना तिकडे, आणि तशा अवस्थेत घरी जाणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला आता जास्त कळतं.

आजोबांना या आठवड्यात फोन करून परत बोलाव. सकाळची पहिली वेळ दे, म्हणजे रांगेत बसावं लागणार नाही. पाणी पिऊन येऊ नका असं फोनवरच सांग आणि मुलालाही बरोबर आणायला सांग. ते काढून ठेवतील ते सगळं एका डबीत घाल, डबीवर त्यांचं नाव लिही आणि ती त्यांच्यासमोर मुलाकडे दे. झालं की मला कळव.

तुझा,
सर

ता. क. आजोबांच्या कमरेला करदोडा होता का, ते तू लिहिलं नाहीस.