वाचकांचे प्रश्न : एक स्वेटर, दोघींचे हात

प्रश्न : मी माझ्या आईकडून विणकाम शिकले आणि लोकर उजव्या हातात धरते. माझी १७ वर्षांची मुलगी मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकली. ती लोकर डाव्या बोटावर घेते. तिच्या आजोबांसाठी आम्ही मिळून स्वेटर करायला घेतला. पाठ मी विणली, पुढचा भाग तिने. सुया दोघींच्या १० नंबरच्याच, टाके १२०च, तरी तिचा भाग साडेचार सेंटीमीटर जास्त रुंद झाला आहे आणि तिचे सुलट टाके पिळल्यासारखे दिसतात. माझ्या पद्धतीने पुन्हा शिकवू लागले की ती रुसते. तिची पद्धत चुकीची आहे का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : पद्धत चुकीची नाही आणि ती बदलण्याचा आग्रह आपण धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकर उजव्या हाताने सुईवर टाकण्याची रीत ब्रिटनमध्ये रूढ आहे, तर डाव्या बोटावर ताणलेली लोकर सुईच्या टोकाने ओढून घेण्याची रीत जर्मनी आणि आसपासच्या देशांत. दोन्ही रीतींनी तयार होणारा टाका मात्र एकच असतो.

पिळाचे कारण बहुधा उलट ओळीत आहे. डाव्या हातात लोकर धरणाऱ्यांना उलट टाका घालताना लोकर सुईच्या खालून उचलणे सोपे जाते आणि नकळत ती विरुद्ध दिशेने गुंडाळली जाते. टाका म्हणजे सुईवर बसलेला फास आणि त्याच्या दोन बाजू म्हणजे त्याचे दोन पाय. एरवी त्यातला उजवा पाय सुईच्या पुढे असतो. असा घातलेला टाका डावा पाय पुढे करून बसतो. पुढच्या सुलट ओळीत सुई नेहमीप्रमाणे पुढच्या पायात घातली, की टाका पिळतो. मुलीने एक तर उलट टाक्याला लोकर वरून घ्यावी, नाही तर आपली सवय तशीच ठेवून सुलट ओळीत सुई मागच्या पायात घालावी. दुसरा उपाय तिला अधिक रुचेल, कारण त्यात तिच्या हाताची चाल बदलत नाही.

आता रुंदी. आपल्या विणीत १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके बसत असतील आणि तिच्या विणीत २२, तर १२० टाक्यांची आपली पाठ ५० सेंटीमीटर होते आणि तिचा भाग सुमारे साडेचौपन्न. दोन टाक्यांचा फरक हाताला जाणवतही नाही, पण शिवायला बसल्यावर तो लपत नाही. तिने ११ नंबरची सुई घेऊन पाहावी. आपल्याकडे वापरात असलेल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ११ म्हणजे ३. अमेरिकी क्रमांक याच्या उलट चालतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते आणि आपली ४ची, म्हणून व्हिडिओतला आकडा दुकानात जसाच्या तसा सांगू नये, मिलिमीटर सांगावेत.

क्रम मात्र पाळावा. आधी पीळ घालवावा आणि मगच १५ सेंटीमीटरचा चौकोनी नमुना विणून, धुऊन, सुकवून त्याच्या मधले १० सेंटीमीटर मोजावेत. पिळलेली वीण आखडलेली असते, त्यामुळे पीळ गेल्यावर मुलीचा हात आजच्यापेक्षाही सैल भासेल आणि कदाचित ११ऐवजी १२ नंबरची सुई लागेल. झालेला पुढचा भाग उसवावाच लागेल. चुण्या घालून शिवला तर बगलेखाली फुगवटा येतो. उसवलेल्या लोकरीच्या लडी बांधून कोमट पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे तिच्यातली वळणे जातात. उसवण्याचे काम मात्र मुलीच्याच हातून होऊ द्यावे.

पुढच्या वेळी कामाची वाटणी वेगळी करावी. पाठ आणि पुढचा भाग एकीने विणावा, बाह्या, गळा आणि बॉर्डर दुसरीने. बाह्या किंचित घट्ट असल्या तरी नजरेत येत नाहीत. एकाच भागात अधूनमधून हात बदलले, तर प्रत्येक बदलाच्या जागी आडवा पट्टा उठून दिसतो.

प्रश्न : मी लहानपणी आईकडे पाहून विणायला शिकलो आणि आता माझ्या ९ वर्षांच्या मुलाला शिकवतो. त्याने मफलर २० टाक्यांनी सुरू केला, तो आता २७ टाक्यांवर गेला आहे. तो झोपल्यावर मी चुका दुरुस्त करून ठेवतो. नातेवाईक हसतात, ते वेगळेच.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : वाढलेले टाके कोठून येतात, ते विणीवरूनच कळते. कड फुगत असेल, तर ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढली जाऊन पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येत आहेत आणि मुलगा त्यांना दोन टाके समजून विणतो आहे. मध्येच भोके पडत असतील, तर सुलट टाका घालताना लोकर पुढेच राहते आणि सुईवर जादा फास पडतो. पहिल्यासाठी ओळ सुरू करण्यापूर्वी लोकर खाली ओढून मग मागे न्यायला शिकवावे. दुसऱ्यासाठी लोकर मागे आहे ना, हे पाहायला. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके त्यानेच मोजावेत.

रात्रीची दुरुस्ती मात्र आपण आजच थांबवावी. सकाळी वीण नीट दिसली, तर चूक कोठे झाली होती हे त्याला कधीच कळणार नाही, आणि ओळी कमी-जास्त झाल्याचे मुले बरोबर ओळखतात. सगळ्या ओळी सुलटच विणू द्याव्यात, कारण एक ओळ सुलट आणि एक उलट अशी वीण कडेने गुंडाळते आणि मुलाला वाटते, आपलेच काही चुकले. लोकर जाडसर, गुळगुळीत आणि फिक्या रंगाची असावी. गडद लोकरीत टाके मोठ्यांनाही दिसत नाहीत.

हसणाऱ्यांना पेरू देशातील टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाविषयी सांगता येईल. तेथे टोप्या विणतात ते पुरुष, आणि मुलगे ही कला लहानपणीच शिकतात. युनेस्कोने २००५ साली या बेटाच्या वस्त्रकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. एवढे सांगूनही हसू थांबले नाही, तर त्याच नातेवाइकांना मुलाच्या हातचा मफलर भेट देण्याचा बेत रद्द करावा.

प्रश्न : आमच्या भागात धनगरी लोकर मिळते. लेकीबरोबर त्याच लोकरीचा स्वेटर विणावा असे मनात आहे. की इचलकरंजीचे सूत बरे?
— एक वाचक, हातकणंगले तालुका

उत्तर : पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर उधळली जाते ती ही लोकर दख्खनी मेंढीची, ती राठ, केसाळ असते आणि घोंगडीसाठी उत्तम. अंगालगतच्या स्वेटरला ती टोचेल. तिचे आसन किंवा पिशवी विणावी. इचलकरंजीत मागासाठी वापरतात ते सूत हातविणीला फार बारीक पडते. अनेक धागे एकत्र घेऊन ते वापरता येईल, पण सुताला लोकरीसारखा ताण नसतो, बॉर्डर सैल पडते आणि बोटे लवकर दुखतात. कोल्हापूरच्या बेताच्या थंडीला हातविणीसाठीचे तयार सुती धागे घेऊन बिनबाह्यांचे जाकीट करावे आणि बॉर्डरला दोन नंबरांनी बारीक सुई वापरावी.