पेडलच्या आधी अडॅप्टर

नौपाडा, ठाणे

प्रिय शिष्योत्तमे,

तू पाठवलेली गिटार पेडलांची, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांची, यादी वाचली. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, फेजर, डिले, रिव्हर्ब. सहाही मिनी, सहाही वेगळ्या रंगांची, आणि खाली लिहिलंयस, "अडॅप्टर घरात पडलाय एक, तो चालेल." मला काळजी त्या शेवटच्या ओळीची वाटली. पेडलांवर पैसे वाचव, खुशाल वाचव. विजेवर आणि वायरींवर वाचवू नकोस.

मिनी पेडलांना माझी हरकत नाही. पाठीवर गिटार अडकवून ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत शिरणाऱ्या मुलीला तीच सोयीची. बॉसने १९७७ साली पहिली काँपॅक्ट पेडलं काढली तेव्हा ती लहान म्हणूनच ओळखली गेली. आता मूअर, डॉनर, हॉटोन यांच्या डब्या त्यांच्या शेजारी ठेवल्या तर निम्म्याहून थोड्याच जास्त रुंद दिसतात. तीन-चार हजारांत बरं पेडल मिळतं. आत एसएमडी पार्ट असतात, तांदळाच्या कणीएवढे, त्यामुळे सर्किटला जागा पुरते. पुरत नाही ती बॅटरीला. म्हणजे बहुतेक मिनी पेडलं अडॅप्टरशिवाय चालतच नाहीत, आणि तुझी सगळी मदार त्या 'पडलेल्या' अडॅप्टरवर.

तो बहुधा वाय-फाय राउटरचा असेल. उलटा करून वाच. राउटरचे अडॅप्टर बरेचदा १२ व्होल्टचे असतात आणि त्यांच्या प्लगच्या मधे प्लस असतो. गिटारच्या पेडलला लागतात ९ व्होल्ट डीसी आणि मधे मायनस. प्लग मात्र दोन्हींचा सारखाच दिसतो, आरामात बसतो, आणि पेडलच्या आत संरक्षण नसेल तर ते जळतं. अडॅप्टरवर एका वर्तुळाचं चिन्ह असतं, त्यात मधल्या ठिपक्याला कुठलं चिन्ह जोडलंय ते पाहायचं. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मिलिअँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात. पेडल हवे तेवढेच ओढतं.

आता बेरीज. साधं अॅनालॉग ओव्हरड्राइव्ह दहा मिलिअँपिअरच्या आसपास भागवतं. डिजिटल रिव्हर्ब शंभराच्या पुढे सहज जातो. एका अडॅप्टरमधून पाच तोंडं निघणारी ती स्वस्त वायर दोन-तीन अॅनालॉग पेडलांना ठीक आहे, पण तिच्यावर डिजिटल पेडल लावलंस की त्याच्या क्लॉकचा, म्हणजे चिपला ठोके देणाऱ्या सर्किटचा, बारीक चीं आवाज ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो आणि तिथे मोठा होऊन बाहेर पडतो. त्यावर उपाय आयसोलेटेड पॉवर सप्लाय, प्रत्येक आउटपुटची वीज वेगळी ठेवणारा. बजेटचा तिसरा हिस्सा त्याला गेला तरी जाऊ दे. मात्र खोक्यावर 'आयसोलेटेड' छापलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस. सप्लाय भिंतीपासून काढ, मल्टिमीटर बीपवर लाव, दोन वेगळ्या आउटपुटच्या प्लगांच्या आतल्या भोकांत प्रोब घाल. बीप वाजला तर दोघांचा ग्राउंड, म्हणजे मायनस, एकच आहे आणि दुकानदाराने तुला गोड बोलून तीच पाच तोंडांची वायर डबीत घालून दिलीय. मल्टिमीटर नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आण. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. तिथूनच पॅच केबलसाठी, म्हणजे पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या वायरींसाठी, चपट्या डोक्याचे जॅक घे. मिनी पेडलं चिकटून ठेवायची तर नेहमीचे जॅक आडवे येतात.

यादीतून पहिलं काय घ्यायचं? ओव्हरड्राइव्ह, आवाज किंचित फाटका करणारं. डिस्टॉर्शन खोड, निदान यंदा तरी. इबानेझचा ट्यूब स्क्रीमर १९७० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि आज स्वस्तातलं हिरव्या रंगाचं मिनी ओव्हरड्राइव्ह बहुधा त्याचीच नक्कल असते. घरी एकटी वाजवशील तेव्हा तो आवाज तुला आवडणार नाही. नाकात बोलल्यासारखा वाटेल, बास कापला जातो, वरची चमकही दबते. कारण तो मधल्या फ्रिक्वेन्सी पुढे काढतो, साधारण ७०० हर्ट्झच्या आसपास. पण बँडमध्ये उभी राहा. खाली बास गिटार आणि किक ड्रम बसलेले, वर झांजा. मोकळी जागा राहते ती मधेच, आणि तिथे तुझी गिटार ऐकू येते. घरी भरदार वाटणारा डिस्टॉर्शन तालमीत गायब होतो आणि मग मुलं व्हॉल्यूम वाढवत बसतात. म्हणून पेडल ऐकायचं ते ड्रमरसोबत. नॉब सुरुवातीला असे ठेव: ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त, टोन मधोमध. अँपला जरा ढकललं की खरी मजा त्यातच असते.

दुसरं पेडल डिले, वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारं. स्वस्त डिलेंपैकी अनेकांत पीटी२३९९ नावाची चिप असते. ही मूळची कराओकेच्या इकोसाठी बनलेली. तिचा आवाज गडद, थोडा मळकट, मला तो आवडतो. पण वेळ जितका लांबवशील तितकी खरखर वाढते. साडेतीनशे मिलिसेकंदांपलीकडे ती कानाला कळायला लागते. हिशोब शिकून घे: ६०,००० भागिले टेंपो, म्हणजे मिनिटाला किती मात्रा. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ३७५ ची. ही पाऊण मात्रा जमली की साधी आठ सुरांची ओळसुद्धा भरगच्च वाटते. टॅप टेंपो, म्हणजे पायाने ठोके देऊन वेळ ठरवायची सोय, मिनी डिलेवर सहसा नसतो, म्हणून बारीक नॉबवर पेन्सिलीने खुणा कर. पायाने ते नॉब फिरणार नाहीत.

रिव्हर्ब तुझ्या अँपमध्येच आहे. फेजर आणि कोरस नंतर बघू. क्रम एवढाच लक्षात ठेव: आधी ट्यूनर, मग ड्राइव्ह, मग डिले.

पेडलं हलकी आहेत, पाय पडला की सरकतात. सुताराकडून प्लायची फळी कापून घे, वर वेलक्रो चिकटव. दोन स्विचमध्ये बुटाची रुंदी सोड, नाहीतर एकाबरोबर दुसरं दाबलं जाईल. वाचलेल्या जागेचा मोह इथे आवर.

वायरींबद्दल. बहुतेक मिनी पेडलं ट्रू बायपास असतात, बंद असताना सिग्नल त्यांच्यातून जसाच्या तसा पुढे जातो. म्हणजे गिटारपासून अँपपर्यंतची सगळी वायर गिटारच्या तारांचं कंपन पकडणाऱ्या तुझ्या पिकअपलाच ओढावी लागते, आणि दहाएक मीटरनंतर वरचा चुरचुरीतपणा उतरतो. कधीतरी सेकंडहँड बॉसचं एखादं पेडल मिळालं तर सुरुवातीला ठेव; त्यातला बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं सर्किट, ही वायर ओढायचं काम करतो.

आणि घूं आवाज आला तर आधी पेडलला दोष देऊ नकोस. सिंगल कॉइल पिकअप ५० हर्ट्झचा हम उचलतोच. पंख्याचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तर अर्ध्या वेगावर भयंकर बझ देतात. पंखा बंद कर, खुर्चीसकट फिरून बस, आवाज बदलतो का ऐक. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत असशील तर प्लगला अर्थिंग आहे का तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. तेवढं स्वतः करायला जाऊ नकोस.

रविवारी तालीम लवकर संपतेय. अडॅप्टर घेऊन ये, बघतो.

तुझा,
सर

ता. क. पावसाळ्यात फळी पलंगाखाली टाकू नकोस. जॅक हिरवे पडतात, नॉब फिरवताना करकर येते. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी पेडलांच्या पिशवीत ठेव, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा बँडमध्ये वर्गणी काढून घ्या. डब्ल्यूडी-४० हा गंजावरचा तेलकट फवारा मारायला ड्रमर पुढे येईल, त्याला थांबव.