शिरोळ तालुक्यात गावी कायमचं राहायला येतोय. पुराचा धोका नेमका किती, आणि तयारी काय करावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून आई-वडिलांना घेऊन वडिलोपार्जित घरी राहायला येताय, घराची डागडुजी करून दोन म्हशी घ्यायचा विचार आहे. भावकीतला एक जण सांगतो "आपल्याकडं पाणी येत नाही" आणि दुसरा म्हणतो "एकोणीसला गळ्याएवढं होतं." दोघंही खरं बोलत असतील. पहिला बहुतेक वर्षांबद्दल बोलतोय, दुसरा एका वर्षाबद्दल. तुम्हाला घर त्या एका वर्षासाठी बघायचंय.

मी याच तालुक्यातला, नदीकाठचा. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: आपल्या गावात पाऊस किती पडतोय याचा आणि पुराचा फारसा संबंध नाही. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळला जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. पण कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा या चारही नद्या घाटावरचं पाणी घेऊन आपल्याच तालुक्याच्या अंगाखांद्यावरून जातात. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही, पाणी मागं तुंबतं आणि शिवारात पसरतं. त्यामुळे इथं ऊन पडलेलं असतं, आणि पाणी बांधाबांधानं वर येत असतं. शहरातून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

यातली चांगली बाजू अशी की हे पाणी अचानक येत नाही. कोकणात दरड कोसळते तेव्हा मिनिटं मिळतात, आपल्याला दिवस मिळतो, कधी दोन. तरी दर महापुरात माणसं अडकतात, कारण बातम्यांतला आकडा आपल्या उंबऱ्याच्या भाषेत कुणी करून ठेवलेला नसतो. टीव्हीवर सांगतात, "राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं धोका पातळी ओलांडली." कोल्हापूरजवळच्या या बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलावर हेच ४० आणि ४५. पण तुमच्या घराला धोका किती फुटांवर, हे ना टीव्ही सांगेल ना तहसीलदार. ते तुम्हालाच काढावं लागेल.

कसं काढायचं? गावात शाळेच्या, देवळाच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवर २००५, २०१९, २०२१ च्या खुणा असतात. नसतील तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. मग गवंड्याला बोलवा आणि त्याच्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी पाणी भरून त्या खुणेपासून तुमच्या जोत्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं आणा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. जोतं खुणेच्या किती खाली किंवा वर ते इंचात कळेल. जिल्ह्याच्या रोजच्या पूरपत्रकात राजारामसोबत रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर या सगळ्या ठिकाणची पातळी येते. तुमच्या गावाला जवळचं ठिकाण धरा आणि पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तिथं किती फूट होतं ते जुन्या वर्तमानपत्रांतून किंवा ग्रामपंचायतीतून मिळवा. प्रत्येक मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो, त्यामुळे रुईचा आकडा राजारामपेक्षा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, आणि एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

हा झाला घराचा आकडा. त्याहून महत्त्वाचा आहे रस्त्याचा. आमच्याकडच्या बहुतेक गावांत घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी ओढ्यावरचा पूल बुडतो आणि गाव बेट होऊन बसतं. घर कोरडं असतं, माणसं कट्ट्यावर बसून "अजून चार फूट बाकी हाय" म्हणत असतात आणि बाहेर पडायचा शेवटचा रस्ता गेलेला असतो. म्हणून दुसरा आकडा काढा: कुठल्या पातळीला कुठला रस्ता बंद होतो, शेवटचा कुठला राहतो. तो माळभागाकडे जाणारा असला पाहिजे. आमच्या गोठ्याच्या खांबावर ऑइल पेंटनं दोन रेघा आहेत, खालची रस्त्याची, वरची घराची. निघायचं ते खालच्या रेघेला पाणी लागायच्या आधी.

एकाच नदीवर नजर ठेवून भागत नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला त्याहून खालीच राहिली. कोल्हापुरात पंचगंगेचं मात्र उलट झालं, २०२१ ची पातळी २०१९ पेक्षा जास्त. आपण दोन्हींच्या तोंडावर बसलोय. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला माझी सकाळ अशी जाते: कोयनेचा विसर्ग किती, राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, वारणेतून किती सोडलं आणि घाटावरचा पाऊस थांबला का. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीपर्यंत यायला साधारण एक दिवस किंवा थोडा जास्त वेळ लागतो. सगळीकडचे आकडे एकाच वेळी वर जायला लागले की मी नृसिंहवाडीच्या पातळीची वाट बघत नाही. वाडीच्या दत्त मंदिरात नदीचं पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला, पादुकांना पाणी लागलं, एवढ्यानं मात्र घाबरायचं कारण नाही. तो बहुतेक वर्षी होतो आणि लोक हौसेनं स्नानाला जातात.

आता पूररेषा. घरावर पैसे घालण्याआधी जलसंपदा विभागाच्या नकाशात तुमचा गट नंबर कुठं येतो ते बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर परवानगी. मात्र "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा आला की २५ वर्षं निवांत असा नाही. दर वर्षी शंभरात चार, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही ३० वर्षं राहणार असाल तर निळ्या रेषेवरच्या घराला एकदा तरी पाणी लागायची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास होते, लाल रेषेवरच्या घराला साधारण २६ टक्के. आणि ते दोन वर्षांच्या अंतरानंही येतं, हे आपण बघितलंच. २००५ ची खूण धरून ज्यांनी सामान वरच्या फळीवर ठेवलं होतं, त्यांची फळीच २०१९ ला बुडाली. जुनी खूण ही वरची मर्यादा समजू नका.

अलमट्टीबद्दल विचाराल म्हणून सांगतो. हे कृष्णेवरचं, आपल्या खालच्या अंगाचं कर्नाटकातलं धरण, त्याच्या फुगवट्यानं आपल्याकडं पूर येतो का हा वाद. तो कट्ट्यावर रोज रंगतो. पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला पुराचं कारण मानलं नाही, आमच्याकडची बरीच माणसं ते मानायला तयार नाहीत, कर्नाटकला धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायची आहे. मतं ठेवा, पण म्हशी कुठं न्यायच्या हे त्यातून ठरत नाही.

म्हशींचं मात्र आधी ठरवा, कारण माणसं घरासाठी थांबत नाहीत, जनावरांसाठी थांबतात. माळावरचा पाहुणा, साखर कारखान्याचं आवार, नाहीतर छावणी, जे काही असेल ते जूनमध्येच बोलून ठेवा. टेम्पोवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, कारण त्या दिवशी सगळ्या गावाला एकच टेम्पो हवा असतो. रस्त्याच्या रेघेला अजून हातभर पाणी कमी असतानाच जनावरं हलवायची. त्यांच्यासोबत आई-वडील, त्यांची महिन्याभराची औषधं, चारा आणि कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. २०१९ ला पाणी आठवड्याहून जास्त थांबलं होतं, तेव्हा दोन दिवसांची बॅग भरून निघू नका. अगदीच नेता आलं नाही तर निदान दावं सोडून या. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं पोहून उंचवटा गाठतं.

पाण्यातून ट्रॅक्टर काढू नका. "एवढ्यात काय होतंय" म्हणणारे चालक दर वर्षी असतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अकिवाट-बस्तवड रस्त्यावर ट्रॅक्टरसकट माणसं वाहून गेली. बोटीचंही तेच. २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटली. उशिरा निघालं की अशा बोटीतच जागा मिळते. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर आहे, तातडीला ११२.

निघताना मेन स्विच बंद करा, सिलिंडर साखळीनं बांधा (ते तरंगत जातं), सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो मोबाईलवर ठेवा, आणि घराचे आतून-बाहेरून फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. विहिरीचं पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घरात असू दे. वळवात वीज पडते, त्यासाठी "दामिनी" ॲप घ्या. भूकंपाचं म्हणाल तर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुन्या माणसांना आठवतो, पण जुन्या घराची खरी अडचण असते ती मातीच्या भिंतीची.

ती भिंत पाण्यात उभी असताना बऱ्याचदा पडत नाही. पाणी उतरलं, ऊन पडलं, माणसं चिखल काढायला आत गेली की पडते. भिंतीला नवीन भेग दिसली तर त्या खोलीत झोपू नका, दारात उभं राहूनही साफसफाई करू नका. कोपऱ्यात हात घालण्याआधी काठीनं ढोसा, साप तिथंच बसलेले असतात. डागडुजीचा खर्च करणारच आहात तर पहिले पैसे रंग-फरशीवर नको, जोतं उंच करण्यावर आणि खालच्या चार फूट भिंतीला पक्की वीट लावण्यावर घाला. विजेचे बोर्डही खांद्याच्या वर घ्या. "भारत गृह रक्षा" नावाची घराची प्रमाणित विमा पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात. आमच्याकडं ती कुणी फारशी घेत नाही, तुम्ही घ्या.

गावाचं नाव आणि घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला आहे ते खाली लिहिलंत तर शेवटचा रस्ता कुठला उरतो ते मी विचारून सांगतो.