वाचकांची पत्रे : घरच्या शाळेत साडेअकरा वाजता

मुलीला घरी शिकवण्याच्या आमच्या अनुभवाविषयी मी गेल्या अंकात एक टिपण लिहिले होते. २०१७मध्ये, ती सात वर्षांची असताना, आम्ही तिला दुसरीतून काढले. आता ती पंधरा वर्षांची आहे आणि मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देत आहे. त्या टिपणावर बरीच पत्रे आली, त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. मुलीला घरी शिकवू लागले त्याआधी मी सांगलीत एका सहकारी बँकेच्या काउंटरवर बसत होते, एवढे लक्षात ठेवून पुढची उत्तरे वाचावीत.

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. तीन महिन्यांपूर्वी त्याला शाळेतून काढले. सकाळी आठ ते एक असे वेळापत्रक मी भिंतीवर लावले आहे : मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, चित्रकला. पहिला आठवडा बरा गेला. आता रोज साडेअकराच्या सुमारास तो रडतो, मी ओरडते आणि मग मीही रडते. माझे काय चुकते आहे? (एक आई, पुणे)

उत्तर : ‘साडेअकरा’ हा शब्द वाचून मला हसू आले, त्याबद्दल क्षमा करा. आमच्याकडे ती वेळ अकराची होती. मी तर तुमच्यापेक्षा एक पाऊल पुढे गेले होते, कारण फळा आणला होता, खडूचा डबा आणला होता आणि देवघरातली घंटा तास संपल्यावर वाजवत होते. सासऱ्यांनी एकदा विचारले, “मधली सुट्टी किती वाजता? मला चहा हवाय.” त्या दिवशी मला राग आला. आज वाटते की त्या घरात सर्वांत शहाणे तेच बोलले.

शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो, कारण एका शिक्षकापुढे चाळीस मुले असतात. हजेरी, वह्या काढणे, एकाला समजेपर्यंत बाकीच्यांनी थांबणे, गडबड शांत करणे यांतच त्यातला मोठा भाग जातो. एका मुलापुढे एक आई बसली की तेवढाच मजकूर पंधरा-वीस मिनिटांत संपतो आणि उरलेला वेळ आपण भरून काढू लागतो. मूल ज्याला कंटाळते तो हा भरणा असतो, अभ्यास नव्हे. सात वर्षांच्या मुलाला समोर बसवून शिकवणे दिवसाला तासाभराच्या वर नेऊ नका, आणि तोही तास सलग नको. सकाळी न्याहारीनंतर वाचन-लेखन आणि दुपारी झोपेनंतर थोडे गणित, एवढे पुरे.

मग बाकीचा दिवस? हाच खरा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर तुमच्या घरातून आणि गावातूनच येईल. आमचे उत्तर कृष्णेने दिले. पावसाळ्यात सांगलीतला प्रत्येक माणूस आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झाले हे विचारतच उठतो. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे आकडे येथे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. २०१९च्या जुलैमध्ये मुलीने स्वयंपाकघराच्या दाराच्या मागच्या बाजूला आलेख-कागद चिकटवला आणि रोज सकाळी पातळीचा एक ठिपका मांडायला सुरुवात केली. कागद ५० फुटांवर संपत होता, त्याच्या वर जाण्याची वेळ येईल असे कोणाला वाटले नव्हते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठिपके उभ्या रेषेसारखे वर चढू लागले, २००५च्या महापुराचा आकडाही मागे पडला, आणि आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे निघण्याआधी तिने वर दुसरा कागद चिकटवला. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ते शेवटचे ठिपके तिने परत आल्यावर मांडले, वर्तमानपत्रांची कात्रणे पाहून.

त्या एका कागदातून काय काय निघाले याची यादी मी देत नाही, पण एक दुपार सांगते. कोयनेतून अमुक हजार क्युसेक विसर्ग, असे बातम्यांत सारखे येत होते. क्युसेक म्हणजे काय, असे तिने विचारले. एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८.३ लिटर, एवढे मी सांगितले. तिने हिशोबासाठी ५० हजार क्युसेक धरले, गुणाकार केला, उत्तर चौदा लाखांच्या वर आले, आणि मग ती गच्चीवर जाऊन आमच्या हजार लिटरच्या टाकीकडे बघत उभी राहिली. खाली येऊन म्हणाली, “म्हणजे दर सेकंदाला आपल्या चौदाशे टाक्या?” त्या वर्षी तिचे वय नऊ होते, आणि एवढ्या मोठ्या संख्येचा गुणाकार मी तिला कधीच शिकवला नव्हता.

तुमच्याकडे नदी नसेल, पण भाजी मंडई असेल, रिक्षाचे मीटर असेल, आजोबा असतील. आमच्या मुलीचे अपूर्णांक सासऱ्यांच्या पावकी-निमकीतून, म्हणजे पाव आणि अर्ध्याच्या जुन्या पाढ्यांतून, आले. सात पाव म्हणजे पावणेदोन, हे तिला छेद-अंश कळण्याच्या कितीतरी आधी येत होते. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरजवळच्या आदिवासी भागात, कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात न्यायची, हा त्यामागचा विचार होता. कुरणात त्यांनी घंटा आणि वेळापत्रक नेले नाही, मुलांचा दिवस जसा होता त्यात शिक्षण बसवले. आपण घरी नेमके उलटे करतो.

भिंतीवरचे वेळापत्रक काढा आणि एक महिना फक्त दैनंदिनी लिहा. आज काय शिकवायचे हे आधी न लिहिता, आज काय झाले हे रात्री लिहायचे. पहिल्या आठवड्यात पान रिकामे दिसेल आणि पोटात गोळा येईल. तरी थांबा.

प्रश्न : सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत न घालणे हा गुन्हा आहे असे आमच्या नात्यातील एक शिक्षक सांगतात. कायदा नेमका काय म्हणतो? (एक वडील, नागपूर)

उत्तर : शिक्षणाचा हक्क कायदा २००९चा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम १० सहा ते चौदा वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवते. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा कैद सांगणारे कलम या कायद्यात नाही. म्हणून ‘गुन्हा’ हा शब्द चुकीचा आहे. पण घरी शिकवण्याला कायद्याने मान्यता दिली आहे असे जे उत्साही पालक सांगतात, तेही तितकेच चुकीचे आहे, कारण घरच्या शिक्षणाचा स्वतंत्र उल्लेखच तेथे नाही. आपण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उभे असतो, आणि ते कबूल करूनच पुढे जावे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात तुमचे मूल सापडू शकते. आमच्या दारात एकदा जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षिका भर उन्हात, नोंदींचा कागद घेऊन आल्या. मी वाद घालण्याच्या तयारीत होते. त्यांनी पाणी मागितले, मुलीच्या वह्या चाळल्या, तिला एक उतारा वाचायला लावला आणि म्हणाल्या, “हिला येतंय सगळं, पण माझ्या कागदात हिच्यासाठी रकाना नाही.” त्यांच्याशी सौजन्याने वागा. शाळेबाहेर राहिलेली हजारो मुले ऊसतोडीच्या तळावर आणि वीटभट्टीवर असतात, तो कागद त्यांच्यासाठी आहे आणि तो असलाच पाहिजे.

परतीचा रस्ता खुला असतो. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. महाराष्ट्रात २०२३च्या नियमबदलानंतर सहावी ते आठवीत असा प्रवेश घेताना पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

प्रश्न : दहावीचे काय? मुलगी बारा वर्षांची आहे. (नाशिक)

उत्तर : मुख्य मार्ग दोन. पहिला राज्य मंडळाचा, सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा. त्यात परीक्षा, पाठ्यपुस्तके आणि गुणपत्रिका सगळे ओळखीचे असते, आणि बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. आम्ही हाच घेतला. वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव नोंदवता येते, पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत किमान एक भाषा असावी लागते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात नऊ संधी असतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. आमच्या मुलीने आधी दोनच विषय दिले, बाकीचे नंतर. माध्यमांत मराठीही आहे. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना २० टक्के भार असतो आणि त्यांची मुदत अगदी सहज निसटते. आमचीही एकदा निसटली, कारण मी तारीख कॅलेंडरच्या पुढच्या पानावर लिहिली होती.

शाळा सोडल्याचा दाखला जपा. सतरा नंबरच्या अर्जाला तो लागतो, आणि त्यावरची जन्मतारीख व जातीची नोंद पुढे अनेक कामांना लागते. दाखला हातात पडताच नावाचे स्पेलिंग, आईचे नाव आणि जन्मस्थळ तेथेच काउंटरवर उभे राहून वाचा. आमच्या दाखल्यात आडनावातला एक काना गळला होता. तो लावून घ्यायला चार खेपा पडल्या.

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची आहे. मुलगा-सून तिला घरीच शिकवतात. ती हुशार आहे, पण तिला मैत्रिणी नाहीत. चार मुलांत मिसळल्याशिवाय माणूस घडतो का? मी बोललो तर ‘तुम्हाला कळत नाही’ असे म्हणतात. (एक आजोबा, ठाणे)

उत्तर : आजोबा, तुम्हाला कळते, आणि तुमची काळजी खरी आहे. घरी शिकवणारे आम्ही पालक या प्रश्नावर फार घाईने उत्तर देतो. आमची मुले सर्व वयाच्या लोकांत मिसळतात, मोठ्यांशी छान बोलतात, असे सांगतो. ते खरेच असते. पण भांडण होऊन दोन दिवस अबोला धरणारी आणि तिसऱ्या दिवशी डब्यातली चिंच पुढे करणारी मैत्रीण मोठ्या माणसांत मिळत नाही. माझ्या मुलीला दहाव्या वर्षी ही उणीव भासली. सोसायटीतल्या मुली शाळेतल्या बाईंची नक्कल करून हसत होत्या आणि तिला त्यातले काही कळत नव्हते, म्हणून ती घरी येऊन गप्प बसली होती. ते वर्ष मी चुकवले, असे मला आजही वाटते.

मिसळणे आपोआप होत नाही, ते घडवून आणावे लागते, आणि आठवड्यातून एकदा नेऊन भागत नाही. आमच्याकडे ते खो-खोने झाले. रोज संध्याकाळी तेच मैदान, त्याच बारा-पंधरा मुली, आणि आई-वडील कुंपणाबाहेर. तुमच्या भागातले एखादे क्रीडामंडळ किंवा गायनाचा वर्ग शोधा आणि नातीला तेथे रोज नेण्याचे काम तुम्हीच मागून घ्या. सुनेला सल्ल्यापेक्षा संध्याकाळचे दोन मोकळे तास हवे असतील, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. घरी येणारे शिक्षक ठेवून मुलाला घरी शिकवता येईल का? (मुंबई)

उत्तर : शिकवणी होईल, पण मी ज्याविषयी लिहिले ते होणार नाही. त्यासाठी घरात एक मोठे माणूस लागते, जे दुपारी तीन वाजता ‘क्युसेक म्हणजे काय’ या प्रश्नाला उपलब्ध असते. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे आई, आणि तिच्या वेळेची किंमत कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडते. आठ वर्षांचा पगार गेला, बढत्या गेल्या, भविष्य निर्वाह निधीत त्या वर्षांचा एक पैसा जमा नाही, आणि आता पन्नाशीच्या जवळ नवी नोकरी शोधायची आहे. मला पश्चात्ताप नाही. पण हा आकडा नवरा-बायकोने आधी कागदावर लिहावा, आणि नोकरी सोडणारे माणूस आईच असेल हे गृहीत धरू नये.

आज घाई करू नका. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी आलटून-पालटून रजा घ्या आणि सहा आठवडे मुलाबरोबर, टीव्ही आणि शिबिरे यांच्या मदतीशिवाय, काढून पाहा. दाखला तोवर शाळेतच असू द्या.