दडपशाहीची राजवट एवढी ताकदवान असून शेवटी कोसळते कशी?

तुम्ही विचारलंय, पोलीस, सैन्य, टीव्ही सगळं मुठीत असताना हुकूमशहा पडतोच कसा. मी काय प्रोफेसर नव्हे, बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) पंधरा वर्षं काढलेला माणूस, तर तिथनंच सांगतो.

आमच्याकडं एक मॅनेजर होता, रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, जास्त दिसलं की सगळ्यांसमोर आयमाय काढणार, पगार कापणार. महिन्याभरात कागदावरचं रिजेक्शन निम्म्यावर, साहेब खूश! आणि आम्ही काय करत होतो, तर ब्लोहोलमध्ये (ओतताना हवेनं पडलेल्या भोकात) लांबी म्हणजे पुट्टी भरायची, वरनं ग्रेफाइट घासायचं, माल गाडीत. पुण्याच्या पार्टीनं मशिनिंगला लावल्यावर अख्खा लॉट परत आला तेव्हा साहेबांना कळलं, त्याआधी त्यांना सांगणार कोण?

राजवटीचं पण असंच. भीतीनं लोक गप्प बसतात, पण मग खरं सांगणारा पण कोण उरत नाही. रोमानियाचा चाउशेस्कू १९६५ पासून सत्तेवर, कर्ज फेडायला देशातलं धान्य-मटण बाहेर विकलं आणि लोकांना रेशनच्या रांगेत उभं केलं. २१ डिसेंबर १९८९ ला ह्या बाबानं स्वतःच बुखारेस्टमध्ये सभा बोलावली, टाळ्या मिळणार म्हणून, आणि गर्दीतनं हुर्यो सुरू झाली, ती पण टीव्हीवर लाइव्ह. चौघांत बोलायला घाबरणाऱ्या प्रत्येकाला एका मिनिटात कळलं की आपण एकटे नाही. दुसऱ्या दिवशी सैन्य फिरलं, हा हेलिकॉप्टरनं पळाला, २५ तारखेला गोळ्या घातल्या.

सैन्य फिरणं हा खरा मुद्दा बघा. बंदूक धरणारा पण कुणाचा तरी पोरगाच की, उद्या साहेब राहतोय का नाही हा हिशेब तो पण करतो. पूर्व जर्मनीनं लोक पळू नयेत म्हणून बांधलेल्या बर्लिनच्या भिंतीवर ९ नोव्हेंबर १९८९ ला गोळी चालवणारे हजर होतेच, वरनं धड ऑर्डर येईना, समोर गर्दी वाढत चाललेली, शेवटी नाक्यावरच्या ऑफिसरनं फाटक उघडून टाकलं.

आपली आणीबाणी घ्या, सेन्सॉर लावल्यावर पेपरात सगळं गोडगोडच, १९७७ ला इलेक्शन घेतलं आणि इंदिराबाई स्वतः रायबरेलीत पडल्या. (आमच्या कर्नाटकात मात्र २८ पैकी २६ काँग्रेसच्याच आल्या, हे पण खरं.)

आता तुमचा तो 'शेवटी' शब्द, तो लय ताणतो हं, सगळ्याच राजवटी काय कोसळत नाहीत. उत्तर कोरियात १९४८ पासून एकच घराणं आहे, बाहेरची बातमी आत येऊ देत नाहीत, पाठीशी चीन, आणि सैन्याचं पोट आधी भरतात.