आधी ट्रेनने शहरं, मग गाडीने खेडी: सासूसासरे आणि मुलांना घेऊन इटली

इंग्लंडमधून एका ताईंनी विचारलंय की मे महिन्याच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, दहा दिवस इटलीला जायचंय, नवरा-बायको, सहा आणि दहा वर्षांची दोन मुलं आणि नाशिकहून येणारे सासूसासरे. विमानतळावरच गाडी घ्यायची आणि रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसा, अमाल्फी, टस्कनीची खेडी असं सगळं करायचं, जमेल का?

ताई, नाही जमणार, आणि ओढूनताणून जमवलंत तर रोज सकाळी बॅगा भरण्यातच सासूबाईंचा जीव जाईल. व्हेनिस आणि अमाल्फी या वेळी सोडा, वाईट वाटू देऊ नका. ट्रिपचे सरळ दोन भाग करा. पहिल्या भागात रोम तीन रात्री, फ्लॉरेन्स दोन रात्री, आणि गाडी अजिबात नाही. दुसऱ्या भागात टस्कनीच्या खेड्यात चार रात्री एकाच जागी मुक्काम आणि गाडी. शहरात असेपर्यंत गाडीची किल्ली हातात नको, एवढं एक पाळा.

असं का म्हणते, तर तिकडच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराच्या मध्यभागी झेडटीएल असतो, म्हणजे परवाना नसलेल्या गाड्यांना ठरलेल्या वेळेत बंदी. कोणी पोलीस अडवत नाही, वर कॅमेरा असतो, तो नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं. जितक्या वेळा आत शिरलात तितके वेगळे दंड, आणि तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल गाडी भाड्याने देणारी कंपनी आपली फी वेगळी कापते. पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं की बंदी चालू आहे असं समजा आणि वळा. फोनचा मॅप बिनधास्त आतून रस्ता दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, लुक्का सगळीकडे हेच आहे, अगदी छोट्या गावांतही.

रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने साधारण दीड तास लागतो आणि दोन्ही स्टेशनं शहराच्या मध्यात आहेत. फ्रेच्चारोस्सा आणि इतालो अशा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत, एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. लवकर काढलंत तर बरंच स्वस्त पडतं.

रोममध्ये कलोसियमचं तिकीट नावाने निघतं, त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा. सरकारी म्युझियममध्ये अठराच्या खालच्या मुलांना फुकट असतं पण त्यांचंही बुकिंग करावं लागतं, हे बरेच जण विसरतात. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतं, आणि तुमच्या सुट्टीत नेमका तो रविवार आला तरी त्या गर्दीत सासऱ्यांना उभं करू नका, सरळ आठवड्यातल्या दिवसाचं तिकीट काढा. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांचे कपडे बघून घ्या, सासूबाईंच्या साडीला काहीच अडचण नाही. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, रोमभर रस्त्यात नळ वाहत असतात आणि ते पाणी पिण्याचंच असतं.

फ्लॉरेन्सला उफ्फित्सी हे चित्रांचं म्युझियम सोमवारी बंद. तिथल्या मोठ्या चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तिथे फक्त तुमचे मिस्टर आणि दहा वर्षांचं लेकरू जाऊ दे, बाकीच्यांनी खाली बसून जेलातो, म्हणजे तिकडचं आइस्क्रीम, खावं.

आता गाडी, कारण खरी चूक लोक इथेच करतात. ती फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून घ्या, शहरातल्या ऑफिसमधून नको. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून ट्राम वीसेक मिनिटांत विमानतळाला पोचते, आणि तिथून झेडटीएलला हातही न लावता हायवेला लागता येतं. तुम्ही सहा जण आहात, म्हणून सेव्हन सीटर बुक कराल, पण त्यात मागच्या सीटा उघडल्या की दोन हँडबॅगांपलीकडे सामान मावत नाही. नऊ सीटची व्हॅन मिळते पण ती गावाच्या बोळात घालायची म्हणजे घाम फुटतो. तुम्ही दोघंही चालवता ना, मग मी तर सांगेन दोन छोट्या गाड्या घ्या, एकीत आजी-आजोबा आणि एक नातवंड, दुसरीत बाकीचे. मॅन्युअल सवयीची नसेल तर ऑटोमॅटिक आत्ताच बुक करा, तिकडे कमी असतात. डिपॉझिटसाठी ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. ब्रिटिश फोटोकार्ड लायसन्स चालतं, पण कोणाकडे फक्त भारतातलं लायसन्स असेल तर त्याने आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढूनच यावं.

मुलांच्या सीटचं नीट ऐका. इंग्लंडमध्ये १३५ सेंटीमीटर उंची झाली की बूस्टर, म्हणजे मुलांना उंच बसवायची सीट, सुटतो, इटलीत १५० सेंटीमीटरपर्यंत लागतो, म्हणजे तुमच्या दहा वर्षांच्यालाही बहुतेक लागेलच. घरचा बूस्टर घेऊन जा.

तिकडे गाडी उजवीकडून चालते आणि राउंडअबाउट उलटा फिरतो, पहिला अर्धा तास शेजारी बसलेल्याने मोबाईल बघायचा नाही, रस्ता बघायचा. गावाबाहेर दिवसाही लाइट चालू हवेत. हायवेला १३० ची मर्यादा, पाऊस असेल तर ११०. टोलला आत जाताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे, आणि टेलिपास (आपोआप टोल कापणारं यंत्र) लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये चुकूनही जायचं नाही. पार्किंगला निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत. वाइनच्या गावात फिरणार असाल तर जो चालवणार त्याने चव सुद्धा घेऊ नये, तिथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे.

मुक्काम वाल दॉर्चा भागात करा, पिएन्झा किंवा सान क्विरिकोच्या आसपास, फ्लॉरेन्सहून दोनेक तास. रांगेत उभे सायप्रस आणि गोल गोल टेकड्या असं जे फोटोत बघतो ते हेच, मे महिन्यात सगळं हिरवंगार असतं. पिएन्झा बऱ्यापैकी सपाट आहे म्हणून सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल. मोंतेपुल्चानो मात्र खडा चढ आहे. सिएनाला भिंतीबाहेर गाडी लावून सरकत्या जिन्याने वर जाता येतं. बान्यो विन्योनीला तर गावच्या चौकातच गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात उतरू देत नाहीत, पण सासरे तिथून लवकर हलायचे नाहीत. दिवसाला एकच गाव करा, संध्याकाळी घरी या.

आणि घर म्हणजे किचन असलेला आग्रितुरिज्मो, शेतावरचं घर. यावर पैसे वाचवू नका. आठवडाभर पास्ता खाल्ल्यावर वरणभाताचा कुकर लागला की आजी-आजोबांचा मूडच बदलतो. डाळ, गोडा मसाला, मेतकूट न्या, पण तूप, पेढे, पनीर बॅगेत घालू नका, इंग्लंडहून काय नि भारतातून काय, युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिकडचं साधं बटर बिनमिठाचंच असतं, ते कढवा, उत्तम तूप होतं. बाहेर खाताना कट्टर शाकाहारी असाल तर विचारून घ्या, रिबोल्लिता हे भाज्या-ब्रेडचं सूप आहे पण काही ठिकाणी मांसाच्या पाण्यात करतात, आणि पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. आग्लिओनेची म्हणजे लसूण-टोमॅटोची पीची, म्हणजे जाड शेवयांसारखा पास्ता, मागवा, सगळ्यांना आवडेल. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी क्वचितच मिळतं, धाकट्याला आधी काहीतरी खायला घाला.

परत येताना गाडी पिसा विमानतळावर सोडा, वेगळ्या शहरात सोडायचे जास्तीचे पैसे आधी विचारून घ्या. पिसाचा झुकता टॉवर बघून घ्या, मात्र आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, धाकट्याला आत्ताच सांगून ठेवा म्हणजे तिथे रडारड नको.

आणि हे सगळं बुक करायच्या आधी सासूसासऱ्यांचा शेंगेन व्हिसा. इंग्लंडला आल्यावर काढू असं म्हणू नका, भारतातूनच इटलीचा अर्ज करा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो. तुमच्यापैकी कोणाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर आयएलआर, म्हणजे इंग्लंडमध्ये कायम राहायची परवानगी, असूनही त्याला व्हिसा लागणारच. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट फार लवकर भरतात, तेव्हा या आठवड्यातच नाशिकला फोन करा आणि व्हिसा हातात येईपर्यंत फक्त कॅन्सल करता येणारी हॉटेलं घ्या.