संस्कृत घेऊन बी.ए. झालं आहे. युरोपातल्या विद्यापीठात लॅटिन अगदी शून्यापासून सुरू केलं, तर शेवटच्या वर्षापर्यंत काय काय असतं आणि गाडी कुठे अडते?

रूपांपाशी अडत नाही. संस्कृत झालेल्या माणसाची तर नाहीच. अडते ती दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, पाठ्यपुस्तक संपून सीझर नाहीतर सिसेरो हातात येतो तेव्हा. पाठ्यपुस्तकातलं वाक्य सात-आठ शब्दांचं असतं आणि परवाच शिकलेला नियम त्यात असणार हे आधीच माहीत असतं. खऱ्या मजकुरात एकेक वाक्य पाच ओळींचं, आणि पुढे कोणता नियम येणार याचा पत्ता नाही. पहिल्या वर्षी उत्तम गुण मिळवलेले विद्यार्थी इथे गळतात. म्हणून उत्तराचा जास्त भार त्यावरच टाकतो.

आधी ढाचा. शाळेत लॅटिन न झालेल्यांसाठी ब्रिटनमध्ये वेगळी वाट असते. केंब्रिजला तीनऐवजी चार वर्षांचा अभ्यासक्रम घ्यायचा. वाढीव पहिलं वर्ष मुख्यतः लॅटिन पक्कं करण्यासाठीच असतं. ऑक्सफर्डची पदवी मुळातच चार वर्षांची आहे, तिथे 'कोर्स दोन' हा मार्ग नवशिक्यांचा. जर्मनीत गोष्ट निराळी: इतिहास, धर्मशास्त्र अशा काही विषयांना 'लॅटिनुम' नावाचं प्रमाणपत्र लागतं. ते विद्यापीठात शिरल्यावरही मिळवता येतं. त्याच्या लेखी परीक्षेत सिसेरो, सॅलस्ट, लिव्ही या रोमन गद्यलेखकांच्या तोडीचा सुमारे १८० शब्दांचा उतारा १८० मिनिटांत भाषांतरित करायचा, शब्दकोश वापरून. शिवाय तोंडी परीक्षा. मिनिटाला एक शब्द म्हणजे चैनच, असं वाटतं. पण दर दुसरा शब्द कोशात पाहणाऱ्याचा उतारा निम्म्यावरच राहतो.

पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण चार-पाच तास वर्ग असतात, आणि वर्गाच्या प्रत्येक तासामागे घरी दीड-दोन तास लागतात. नामांचे पाच वर्ग, सहा विभक्त्या, क्रियापदांचे चार गण, सर्वनामं, कर्मणी, धातुसाधितं, मग संकेतार्थासारखा वापरला जाणारा 'सब्जंक्टिव्ह'. इंग्रजी माध्यमात व्हीलॉकचं चाळीस प्रकरणांचं पुस्तक फार चालतं. त्याची मांडणी बघा: धातुसाधितं तेविसाव्या प्रकरणात, अप्रत्यक्ष कथन पंचविसाव्यात आणि सब्जंक्टिव्ह थेट अठ्ठाविसाव्यात सुरू होतो. म्हणजे खरं गद्य ज्यावर चालतं ते जवळजवळ सगळं शेवटच्या भागात, परीक्षेच्या तोंडावर, घाईघाईत. सुरुवातीची प्रकरणं संस्कृतवाल्याला हलकी जातात. तिथे वाचलेला वेळ पुढच्या प्रकरणांसाठी राखून ठेवा, कारण बाकीचा वर्ग तेव्हा दमलेला असतो आणि शिक्षक धावत असतात.

पाठांतराचे दोन नियम मोडू नका. नाम नेहमी षष्ठीसकट पाठ करायचं: 'तेम्पुस्, तेम्पोरिस्', 'इतेर्, इतिनेरिस्'. नुसतं 'इतेर्' पाठ असेल तर पुस्तकात 'इतिनेरिबुस्' दिसल्यावर ते कोशात सापडणार नाही. आणि क्रियापद चारही मूळ रूपांसकट: 'फेरो, फेर्रे, तुली, लातुम्'. ('फेरो' म्हणजे आपला 'भृ' धातूच. 'तुली' मात्र दुसऱ्याच धातूचं आहे. त्याचा अर्थ लावत बसू नका.)

स्वरांच्या लांबीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. 'विअ अप्पिअ' म्हणजे अप्पियन रस्ता, 'विआ अप्पिआ' म्हणजे त्या रस्त्याने. छापील लॅटिनमध्ये दोन्ही अक्षरशः सारखे दिसतात, कारण दीर्घत्वाची आडवी रेघ फक्त नवशिक्यांच्या पुस्तकात असते; पुढे ती गायब होते. देवनागरीत टिपणं काढलीत तर अ, इ, उ यांचं ऱ्हस्व-दीर्घ आपोआप नोंदलं जातं. ए आणि ओ मात्र ऱ्हस्व लिहिता येत नाहीत, आणि 'वेनित्' हे 'येतो' की 'आला' हे त्या 'ए'च्या लांबीवरच ठरतं. तिथे वर रेघ मारायची सवय लावा. उच्चाराचं म्हणाल तर वर्गात अभिजात उच्चार चालतो: 'काइसर्', 'किकेरो'. गोव्यात किंवा वसईत चर्चच्या गायनवृंदात लॅटिन म्हटलं असेल तर जिभेवर 'चेली' बसलेलं असतं, वर्गात ते 'काइली' होतं. दोन्ही शुद्धच, पण एका वेळी एकच धरा.

आता संस्कृतचा उपयोग. विभक्तीची कल्पना, लिंग-वचनाचा मेळ, शब्दक्रमाची मोकळीक, हे सगळं तुम्हाला फुकट मिळतं. द्विवचन नाही, लेखी संधी नाही, लांबलचक समास नाहीत. सति सप्तमी येत असेल तर 'अॅब्लेटिव्ह अॅब्सोल्यूट' दहा मिनिटांत कळतो: 'उर्बे कप्ता मीलितेस् रेदिएरुन्त्', शहर जिंकलं गेल्यावर सैनिक परतले. लॅटिनमध्ये ही रचना पानोपानी का भेटते? कारण 'गत्वा', 'कृत्वा' किंवा 'कृतवान्' यांच्या तोडीचं भूतकालवाचक कर्तरी धातुसाधित लॅटिनला सर्वसाधारण क्रियापदांपासून बनवताच येत नाही. 'शहर जिंकून' म्हणायची सोय नाही, म्हणून 'शहर जिंकलं गेल्यावर' म्हणायचं. हे एकदा ध्यानात आलं की मराठीत भाषांतर करताना बेधडक 'जिंकून' लिहा; ते बरोबरच असतं.

तीन ठिकाणी संस्कृत फसवतं. एक, लॅटिनची अॅब्लेटिव्ह ही पंचमी नव्हे. तिने तृतीया पूर्ण आणि सप्तमी बरीचशी गिळलेली आहे, त्यामुळे ती दिसली की 'पासून, ने, मध्ये' हे तिन्ही अर्थ लावून बघायचे. दोन, अप्रत्यक्ष कथनात 'इति' नाही. संस्कृतवाला नकळत 'इति'ची वाट बघतो आणि वाक्य निसटतं. लॅटिनमध्ये म्हणणाऱ्याचं म्हणणं द्वितीयेतला कर्ता आणि 'तुमन्त'सारखं क्रियापद अशा जोडीने येतं: 'दीकित् से वेनीरे' म्हणजे आपण येतोय असं तो म्हणतो; 'दीकित् एउम् वेनीरे' म्हणजे तो दुसरा कोणी येतोय असं म्हणतो. 'से' आणि 'एउम्' यांची गल्लत हा परीक्षेतला हमखास जाणारा गुण. तीन, 'कोनारी', 'प्रोफिकीस्की' अशी दिसायला कर्मणी पण अर्थाने कर्तरी क्रियापदं. यांना आत्मनेपदाच्या खात्यात टाकलं तर निभावतं, फक्त ती यादी पाठच करावी लागते.

आता तो दुसऱ्या वर्षाचा घाट. सीझरच्या गॅलिक युद्धाच्या पहिल्या पुस्तकातलं सातव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य घ्या, अर्धंच: 'काइसरी कुम् इद् नूंतिआतुम् एस्सेत्, एओस् पेर् प्रोविंकिअम् नोस्त्रम् इतेर् फकेरे कोनारी, मातूरत् अब् उर्बे प्रोफिकीस्की'. ते (म्हणजे हेल्वेती टोळीचे लोक) आपल्या प्रांतातून वाट काढायच्या प्रयत्नात आहेत असं सीझरला कळवण्यात आलं, तेव्हा तो शहरातून निघायची घाई करतो. शहर म्हणजे अर्थात रोम.

कोशातून शब्द काढून त्यांचे अर्थ इंग्रजी क्रमाने लावणारा इथे पहिल्या शब्दावरच ठेचकाळतो. 'काइसरी' ही चतुर्थी आहे, कर्ता नाही, आणि ती 'कुम्'च्या आधी आली असली तरी 'कुम्'च्या पोटवाक्यातलीच आहे. 'इद्' म्हणजे 'हे'. ते 'हे' काय, ते स्वल्पविरामानंतर 'एओस्... कोनारी' मध्ये उलगडतं. आणि 'मातूरत्'चा कर्ता लिहिलेलाच नाही, तो मागच्या चतुर्थीतून उचलायचा. मराठी माणसाला खरं तर हे सोपं जायला हवं. 'सीझरला कळलं तेव्हा लगेच निघाला' हे आपण रोज बोलतो. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिलं भाषांतर मनातल्या मनात मराठीत करावं आणि मग इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये उतरवावं. करून, असता, गेल्यावर, म्हणून, हे सगळं मराठीत तयार आहे. इंग्रजीला त्यासाठी वाक्य मोडावं लागतं.

पद्धत अशी ठेवा. कोश मिटवून वाक्य शेवटपर्यंत एकदा मोठ्याने वाचा. मग पेन्सिलने 'कुम्', 'उत्', 'क्वी', 'क्वोद्' अशा जोडशब्दांपासून त्यांच्या क्रियापदापर्यंत कंस घाला. कंसाबाहेर उरलेलं क्रियापद मुख्य. ते एकवचनी की अनेकवचनी पाहून प्रथमेतला कर्ता शोधा, नसेल तर मागच्या वाक्यातून आणा. एवढं झाल्यावर कोश उघडा. 'कुम्'शी अडलात तर पुढे बघा: जवळ अॅब्लेटिव्ह असेल तर बहुधा 'सह', नाहीतर कुठेतरी क्रियापद वाट बघतंय. सुरुवातीला दहा ओळींना दोन तास लागतात. लागू द्या. मात्र दुसऱ्या दिवशी त्याच दहा ओळी काहीही न लिहिलेल्या कोऱ्या प्रतीवरून पुन्हा वाचायच्या. पुनर्वाचनाशिवाय वेग येत नाही, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

ओळींच्या वर अर्थ लिहिणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार. डोळा मग लॅटिन वाचतच नाही. दुसरा प्रकार म्हणजे समोरासमोर भाषांतर असलेली लोएब मालेची लाल पुस्तकं. ती वाईट नाहीत, पण आपलं भाषांतर लिहून झाल्यावर ताडून पाहण्यापुरती. रूप ओळखून देणारी संकेतस्थळं एका शब्दाची चार-पाच शक्य रूपं दाखवतात; त्यातलं कोणतं इथे लागू, हे ठरवण्याचाच तर अभ्यास आहे.

शब्दसंग्रहासाठी डिकिन्सन कॉलेजची सुमारे हजार शब्दांची मोफत यादी घ्या. वारंवारतेनुसार लावलेली आहे आणि सर्वसाधारण मजकुरातले सत्तर टक्क्यांच्या आसपास शब्द तिच्यात येतात. ती पहिल्या वर्षाच्या अखेरीस संपवा. सोबत ओर्बर्गच्या 'फामिलिआ रोमाना'ची पस्तीस प्रकरणं सलग वाचा. ते पुस्तक पहिल्या शब्दापासून लॅटिनमध्येच आहे, त्यामुळे कोशाविना पानंच्या पानं वाचायची सवय लागते. वर्गात व्हीलॉक असलं तरी घरी हे असू द्या. कोश म्हणून १८७९ चा लुईस आणि शॉर्ट जालावर फुकट आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश अधिक नेमका, पण तो इ.स. २०० च्या सुमारास थांबतो. चौथ्या-पाचव्या शतकातला ऑगस्टीन वाचायला तो पुरत नाही.

दुसऱ्या वर्षातच पद्य येतं, ओव्हिड किंवा व्हर्जिल. इथे तुम्ही वर्गाच्या पुढे असाल. लघु-गुरूचा नियम तोच: दीर्घ स्वर गुरू, जोडाक्षरामागचा ऱ्हस्वही गुरू. महाकाव्याच्या ओळीत सहा पदं. प्रत्येक पद एकतर भ गण किंवा दोन गुरू, पाचवं बहुधा भ गणच, सहावं दोन अक्षरांचं. 'अर्म वि | रुंक्वे क | नो त्रो | याइ क्वी | प्रीमुस् अब् | ओरीस्' ही व्हर्जिलच्या 'एनीड' महाकाव्याची पहिली ओळ हाताने मांडून बघा. फरक दोन: शब्दाच्या शेवटचा स्वर (आणि स्वरानंतरचा 'म्'सुद्धा) पुढे स्वर आला की गिळला जातो, आणि 'त्र', 'प्र' यांच्यासारख्या जोडाक्षरामागचा ऱ्हस्व कधी लघुच राहतो. गण मांडता आले की 'विअ' की 'विआ' हा प्रश्नही पद्यात बऱ्याचदा छंदच सोडवतो.

तिसऱ्या वर्षापासून तीन गोष्टी वाढतात. न पाहिलेला उतारा, नेमलेल्या ग्रंथातल्या तुकड्यावर भाष्य, आणि इंग्रजीतून लॅटिनमध्ये लेखन. शेवटचं ऐच्छिक असेल तरी घ्या. 'पडू नये म्हणून' ला 'ने' लागतं, 'इतका थकला की चालवेना' ला 'उत् नोन्', हा फरक वाचताना डोळ्याखालून निघून जातो, लिहिताना अडवतो. लेखकांचा क्रमही बदलू नका. आधी सिसेरो, मग लिव्ही, शेवटी टॅसिटस. सिसेरो समतोल वाक्याची अपेक्षा तयार करतो आणि टॅसिटस ती मुद्दाम मोडतो, क्रियापदं गाळतो. अपेक्षाच नसेल तर मोडलेलं कळणार कसं?

याच टप्प्यावर पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेले पाठभेद वाचायला लागतात, तेही लॅटिन संक्षेपांत: अमुक हस्तलिखितात हा शब्द नाही, अमुक संपादकाने असं सुचवलं. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाताळली असेल तर हे ओळखीचं वाटेल. हस्तलिखितांची वंशावळ लावून पाठ ठरवण्याची हीच रीत त्या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांनी महाभारतासाठी वापरली. फक्त तिथली हस्तलिखितं एकमेकांत इतकी मिसळलेली होती की त्यांना नियम सैल करावे लागले.

प्रबंधासाठी विषय शोधताना अभिजात काळातच अडकून राहू नका. १६७८ ते १६९३ दरम्यान अॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापलेला 'होर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ लॅटिनमध्ये आहे आणि पहिल्या खंडात तीन कोंकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं निवेदनही आहे. त्यातलं वनस्पतींचं वर्णन एकदा शब्द सरावले की सिसेरोपेक्षा खूपच सोपं जातं, आणि मूळ मजकुरासह ते नीट वाचू शकणारे भारतीय भाषांचे जाणकार मोजकेच आहेत.

वर्ग सुरू व्हायला दोन-तीन महिने असतील तर रूपं आधीच पाठ करत बसू नका, ती वर्गात होतातच. 'फामिलिआ रोमाना'ची पहिली दहा-बारा प्रकरणं मोठ्याने वाचून काढा. आणि पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत रोज अर्धा तास सीझर ठेवा, पाच ओळी झाल्या तरी चालेल. त्या सुट्टीत पुस्तक मिटवून ठेवलं, तर सप्टेंबर-ऑक्टोबरात परतल्यावर सब्जंक्टिव्हपासून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि वर्ग तोवर सिसेरोवर गेलेला असतो.